सोबत कोण?

लिओनी पास्को ऑस्ट्रेलियातल्या व्हायला गावच्या वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या विभागात काम करायची. वय एक्कावन्न. नऊ वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं तिने एकटीने केलं. आई गेल्यावर घरात बसवेना, म्हणून ती समुद्रकाठाने चालायला लागली. दोन वर्षांत पंचावन्न किलो वजन उतरलं, पण पोटाची कातडी तशीच राहिली, मांड्यांपर्यंत लोंबणारी. उन्हाळ्यात त्या कातडीच्या घडीखाली जखमा व्हायच्या.

"ऑपरेशन करून घ्या," गावातले डॉक्टर शिवनेसन म्हणाले. "पण ज्याच्याकडे जाल, त्याचं नाव आधी सरकारी नोंदणीत बघा. प्लास्टिक सर्जरीचा तज्ज्ञ म्हणून नोंद आहे का, एवढंच बघा."

जाहिरात बघून ती पहिल्यांदा गेली ते ॲडलेड शहरातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये. पाच तासांचा बसप्रवास. दारातच एका मुलीने तिचा हात हातात घेतला.

"ये गं राणी, दमलीस ना? कॉफी देऊ?"

असं तिच्याशी कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. आतले डॉक्टरही गोड. पोटाकडे बघून म्हणाले, "सुंदर होईल. या महिन्यातली एकच तारीख उरलीय, बघा."

"तुम्ही प्लास्टिक सर्जन आहात ना?"

"अहो, हजारभर पोटं केलीत मी!"

बाहेर बाकावर बसून तिने फोनवर नोंदणी उघडली. डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं, पण तज्ज्ञतेचा रकाना कोरा होता. तिने पुन्हा पुन्हा बघितलं. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. उत्तर कळल्यावरही त्या मुलीकडे परत जावं, आणखी एक कॉफी घ्यावी, असं तिला वाटत होतं. शेवटी तिने परतीची बस पकडली.

महिन्याभराने ती ॲडलेडमधल्याच डॉ. हेस्टर ब्रांडल यांच्याकडे गेली. त्यांची नोंद तिने घरूनच तपासली होती. साधी खोली, कॉफी नाही. बाईंनी पोट नीट चाचपून पाहिलं आणि कोरडेपणाने सांगितलं, "कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहील. तो जाणार नाही. काही दिवस वाकून चालावं लागेल. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून पहिले दोन आठवडे इथेच, शहरात राहायचं. सोबत कोण असेल?"

"बहीण," लिओनी म्हणाली.

"त्यांचं नाव आणि फोन?"

लिओनीला बहीण नव्हती. तिने मांडीवरच्या पिशवीतून फोन काढला आणि पुन्हा आत टाकला. ब्रांडलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"माणूस मिळालं की कळवा," त्या म्हणाल्या. आवाज जरासा मऊ झाला होता. "त्याशिवाय मी हात लावणार नाही."

त्या आठवड्यात लिओनीने फोनमधली नावं वरून खालपर्यंत वाचली. दातांचा डॉक्टर, नळवाला, आईच्या औषधांचं दुकान. शेवटी एका दुपारी, चादरींच्या घड्या घालताना, तिने समोरच्या कोरिनला विचारलं. अकरा वर्षं दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरत आल्या होत्या.

"पोटाच्या ऑपरेशननंतर मला दोन आठवडे सोबतीला कुणीतरी लागेल. तुला जमणार नाही म्हणा, सहज विचारलं."

कोरिनने चादर सोडली नाही. "अगं बये, विचारून तर टाकलंस, मग उत्तर तूच कशाला देतेस?" मग घडी पुरी करत ती म्हणाली, "तू राहतेस कुठे, हेही मला ठाऊक नाही, लिओनी."

कोरिनने रजा घेतली. ऑपरेशन नीट झालं. ॲडलेडमधल्या भाड्याच्या खोलीत ती लिओनीला उठवायची, जखमेला लावलेल्या नळीतून येणारं पाणी मोजून लिहायची, रात्री टीव्हीवरच्या बायकांना शिव्या घालायची. "हसवू नकोस गं, टाके ओढतात!" लिओनी म्हणायची आणि मनात म्हणायची, बोलत राहा.

पंधराव्या दिवशी कोरिनने तिला गाडीने घरी सोडलं, फ्रिजमध्ये सूप ठेवलं, किल्ल्या उचलल्या.

"रविवारी येशील का?" लिओनीने विचारलं.

"रविवारी नातवंडं असतात गं. बघते."

पोटाला पट्टा बांधलेली लिओनी दारात उभी राहिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती आत गेली नाही. समुद्रावरून वारा येत होता आणि घरात फ्रिज घरघरत होता.