एल्सबीचा बारावा

आमच्या एल्सबीत कुत्री-मांजरं धरली तरी दोनशे डोकी भरायची नाहीत, पण तोरा विचारू नका. गावाला स्वतःचा आगीचा बंब आहे. म्हातारा झालाय, पण आमचा आहे. मी, लव्हॉन हालँड, अठ्ठावीस वर्षं त्याचा पंप सांभाळतेय.

या वसंतात जीन पुलास्की मुलीकडे राहायला गेला आणि आम्ही बंबवाले अकराच उरलो. काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, नियम बारांचा, तेही गावातच राहणारे. सोमवारच्या बैठकीपर्यंत बारावा मिळाला नाही तर बंब जाणार सहा मैलांवरच्या हान्सबर्गला. दरवर्षी जुलैच्या जत्रेत दोन्ही गावचे बंबवाले तारेवर टांगलेलं पिंप पाण्याच्या फवाऱ्यानं एकमेकांकडे ढकलतात. नऊ वर्षं ते पिंप आमच्याच अंगावर येतंय. आता बंबही त्यांनाच द्यायचा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरोघरी फिरले. पाद्रीबुवांची कंबर धरलेली, मास्तरीणबाईंना सातवा महिना. बाकीचे एक तर ऐंशीच्या पुढचे, नाही तर शाळकरी.

हान्सबर्गच्या बंबवाल्यांचा म्होरक्या मर्ल झास्ट्रो. बायको जाऊन दहा वर्षं झाली. दर शुक्रवारी चर्चमधल्या माशांच्या जेवणाला माझ्याशेजारी बसतो आणि कॉफी येईपर्यंत लग्नाचं विचारतो. सहा वर्षं मी एकच सांगत आले, हान्सबर्गची सून व्हायला मला वेड नाही लागलं. माणूस आवडत नव्हता असं नाही. फार आवडायचा. पण हट्ट म्हणजे हट्ट.

सोमवारी चर्चच्या तळघरात अख्खं गाव जमलं. काउंटीच्या साहेबानं वही उघडून विचारलं, बारावा कोण? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून मर्ल उठला आणि 'मी' म्हणाला.

साहेब चक्रावला. अहो, बंब तर तुमच्याच गावाला मिळणार होता. मर्लनं शांतपणे सांगितलं, सकाळीच तिकडचा राजीनामा दिला आणि इथं धान्याच्या दुकानावरची खोली घेतली. मग माझ्याकडे वळला.

"लव्हॉन, घाबरू नकोस. मागणी घालायला नाही आलो. तुझं पडलेलं तोंड बघवेना, एवढंच."

सहा वर्षं मी गाव धरून बसले होते, आणि या बाबानं माझ्यासाठी आपलं गाव एका सकाळीत सोडलं होतं.

साहेबानं पेन सरसावून खोलीचा पत्ता विचारला.

"खोलीचा नको," मी उभी राहून म्हणाले. "माझ्या घराचा लिहा."

मर्ल मटकन खाली बसला आणि सगळ्या एल्सबीसमोर ढसाढसा रडला. मीही रडले, लपवत नाही.