वीरेंद्रची साक्ष, जी झाली नाही

प्रयत्न पहिला.

सर्वांना सलाम. मी वीरेंद्र, सुशीलाबाईचा मुलगा. कोहमाऱ्याच्या चौकात पंक्चरचं दुकान. प्रभूने मला

नाही. "प्रभूने मला" च्या पुढे काही येत नाही.

आधी कारण सांगतो. आमच्या चर्चमध्ये रविवारी लोक उभे राहून साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आजोबांपासून आमच्या घरी ख्रिस्ती धर्म. मी मागच्या वर्षी जाणं थांबवलं. भांडण नाही, कोणी फितवलं नाही. प्रार्थना करताना समोर कोणी ऐकतंय असं वाटेनासं झालं, एवढंच.

आता बहिणीचं, अंजूचं, लग्न ठरलंय. वडील नाहीत, म्हणून हाताला धरून तिला वेदीपाशी मी न्यायचं. लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचतात, कोणाची हरकत असेल तर त्याने तेव्हाच बोलायचं. दोन घोषणा वाचून झाल्या. तिसरीआधी तिचे होणारे सासरे, आमगावचे बकारामजी, यांचा निरोप आला: मुलीच्या भावाने रविवारी साक्ष द्यावी. नाही दिली तर हरकत आम्हीच घेऊ.

मी खोटं बोलायचं ठरवलंय. त्याचाच हा सराव.

पण मी चर्च सोडल्याचं बकारामजींना कळलं कोणाकडून?

संशय, एक.

भैय्यालाल, ख्रिस्ती लोकांना हिंदू धर्मात परत आणणाऱ्यांपैकी. गोंदियाहून गाडी घेऊन आला. टायर दाखवायला नाही. हातात पिशवी, पिशवीत हार.

"वापस आ गया भाई, अच्छा किया. एक फोटो घेऊ."

"मी कुठं आलो नाही. तिथून उठलो, एवढंच."

"मतलब?"

"मतलब पंक्चर नसंल तर गाडी बाजूले घे."

गाडी बाजूला घेतली. जाताना फोटो काढलाच, हाराशिवाय. तो कोणाकोणाला दाखवला असेल?

संशय, दोन. हा जास्त पक्का.

शनिवारी दुपारी आमच्या चर्चचे पाळक ईश्वरदास स्कूटर ढकलत आले. मागचं चाक बसलेलं. मी त्यांना बजावून ठेवलं होतं, काम असेल तरच दुकानात या. ट्यूब काढली, हवा भरली, पाण्याच्या टबात फिरवली. परत फिरवली. एकही बुडबुडा नाही.

"हवा कोणं सोडली?"

"मीच," ते म्हणाले. "चौकाच्या अलीकडे. ढकलून ढकलून जीव गेला, बाबू."

"कायले?"

"काम असल्याशिवाय येऊ नका म्हणाला होतास ना."

ट्यूबच्या बाबतीत जो इतकं नाटक करतो तो बाकी काय करत असेल?

"बकारामजींना तुम्हीच सांगतलं."

"नाही."

"मग कोणं?"

त्यांनी टबाकडे पाहिलं. "चहा तर सांग."

टाळलं. म्हणजे हेच.

"उद्या मी साक्ष देऊन राहिलो. तेच ऐकाले आले ना?"

"उद्या साक्ष होणार नाही. मी ती वेळच ठेवणार नाही."

"म्हणजे अंजूचं लग्न मोडून राहिले तुम्ही!"

"मनातून देऊन राहिलास तर आत्ता ठेवतो. मनातून आहे का?"

मी चाक बसवायला घेतलं.

"एकदा खोटं बोललास की दर नाताळात बोलावं लागंल," ते म्हणाले. "बहिणीच्या घरी जेवाच्या आधी म्हणतील, वीरेंद्र, प्रार्थना कर. दोन वर्षं करशील. मग तिच्याकडं जाणंच सोडशील. मी अशी माणसं पाहिली."

"अन् बकारामजी?"

"त्यांचा निरोप कळल्यावर जाऊन खरं सांगून आलो. पोराचा विश्वास राहिला नाही. पण अंजूले नेईल तर तोच नेईल, हेही सांगतलं."

"ते काय म्हणाले?"

"चहाही नाही दिला."

प्रयत्न दुसरा.

सर्वांना सलाम. रात्री घरी आई तांदूळ निवडत होती.

"आई, बकारामजींना कोणं सांगतलं?"

"मले का माहीत? मी कोणाले एक शब्द नाही बोलली. भगिनी मंडळात प्रार्थनेले मांडलं, बस. आमगावच्या बाया होत्या त्या दिवशी."

"मोठ्यानं?"

"मग का मनातल्या मनात? नाव घेतल्याशिवाय देवाले कसं समजंल, कोणता वीरेंद्र?"

अंजू हसायला लागली. हसता हसता थांबली.

"पाळकसाहेब होते तिथं?" मी विचारलं.

"होते ना. आमेन त्यांनीच म्हटलं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझी बोलणी खाल्ली, पण आईचं नाव घेतलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हा माणूस हे कधी वसूल करणार?

रविवार.

मी शेवटच्या बाकावर. आमगावहून आलेले बकारामजी पहिल्या. साक्षीची वेळ आली तशी पाळकांनी सरळ गीताचा नंबर सांगितला. बकारामजी उठले.

"आज साक्ष नाही का, पाळकसाहेब?"

"नाही."

"कोणाची तरी होती म्हणत होते."

"दम देऊन घेतली तर मी ती ऐकणार नाही, बकारामजी. देवही ऐकंल असं मले वाटत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या. माझ्याकडे. बाईमाणसांच्या बाजूने अंजू बकारामजींना म्हणाली, बसल्या जागेवरून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाबाजी, मले विचारा ना. विश्वास माझा आहे, लग्न माझं आहे. अन् भाऊ पण माझाच आहे. त्याले सोडून मी येत नाही."

आईने तिचा पदर ओढला. अंजूने तो सोडवून घेतला.

गीत झालं नाही. पाळकांनी कागद काढला आणि तिसरी घोषणा वाचली. दोन्ही नावं. मग, "कोणाची हरकत असेल त्याने आता बोलावं."

बकारामजी माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे. पंखा कुरकुरत होता.

ते खोकले. आईने डोळे मिटले.

नुसता खोकला होता.

"वाचा पुढचं," बकारामजी म्हणाले आणि खाली बसले. मग मान न वळवता, "अन् तो पोरगा उभा काऊन आहे? बस म्हणा त्याले."

मी उभा होतो. कधी उठलो ते कळलंच नव्हतं. बाजूचा माणूस सरकला आणि त्याने बाकावर हात आपटून जागा दाखवली. मी बसलो, आणि त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. याला काय पाहिजे असेल?