बांधापलीकडून

संध्याकाळी नंदानं भाताचं खाचर भरावं आणि सकाळी ते निम्मं रितं व्हावं. पावसानं उघडीप दिलेली, ओढ्याचं पाणी पाळीनं मिळणारं, रोपं नुकती लावलेली, अजून मुळं न धरलेली. असंच चाललं तर जमीन भेगाळणार आणि वर्षाचा तांदूळ जाणार.

पाणी कुठं जातंय याची तिला शंकाच नव्हती. खालचं खाचर जनार्दनाचं. रोज सकाळी तो खांद्यावर फावडं टाकून तिकडूनच यायचा, पायांना ताजा चिखल.

"रामराम, वैनी."

"रामराम," नंदा म्हणायची आणि फावड्याकडं बघायची.

घरी सासू, गोजराबाई, चुलीपुढं बसून भर घालायची. "त्याचा बाप बी असाच. ग्वाड बोलायचा आन बांध कोरायचा."

नंदानं आपल्या बाजूनं बांध चोपला, हात घालून चाचपला. काही सापडेना. मग तिनं बांधावर खुणेच्या काड्या रोवल्या. सकाळी काड्या जागच्या जागी, पाणी मात्र गेलेलं.

"लई लबाड," ती पुटपुटली. "काड्या बी परत लावतोय."

शेवटी एके सकाळी ती त्याच्या आधी पोचली आणि बांध ओलांडून त्याच्या खाचरात उतरली. लग्न होऊन रिहे गावात आल्यापासून या बाजूला तिचं पाऊल पडलं नव्हतं. पाणी पोटरीपर्यंत आलं. रोपांचे शेंडे तेवढे वर, पिवळे पडलेले. काही उन्मळून तरंगत होती.

चोरलेल्या पाण्यात कुणी आपलंच भात बुडवतं का?

"घावलात का न्हाई, वैनी!" मागून जनार्दन ओरडला. "रोज पाणी सोडताय माज्यावर! आन रोज सकाळी मी खालचा बांध फोडून काढतोय!"

"मी? तुमीच नेताय माजं पाणी!"

"बुडून मराया नेऊ व्हय?"

नंदा खाली वाकली. इथून तिचाच बांध तिला परका वाटला. लोंबत्या गवताआड बारीक धार झुळझुळत होती.

"हे दिसलं न्हाई तुमाला?"

"मी बांधाच्या वरच नजर ठिवून हुतो. तुमची वाट बघत."

त्यानं गवत सारून हात घातला. "आय गं!" बोटाला भला मोठा काळा खेकडा लोंबत होता.

नंदाला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं.

मग तिनं आपल्या बाजूनं चिखल ठासला, त्यानं आपल्या.

"नीट दाबा, वैनी."

"तुमी दाबा आधी."

दुसऱ्या सकाळी तिचं खाचर काठोकाठ होतं. तरी नंदा बांधावर जाऊन पलीकडं वाकली. खाली जनार्दन तिथंच बसून भोकाची जागा चाचपत होता.

"पाणी उतरलं का, भावजी?"

"उतरतंय. तुमचं ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं."


तो फावडं घेऊन उठला. या खेपेला नंदानं त्याच्या बोटाकडं बघितलं. "हळद लावा त्याला," ती म्हणाली.