घळीतली ओळख

लाल पट्टा… कडेचे दोरे निघालेले, बकलात आखूड पिवळट केस अडकलेले — संयोगिता तो हातमोज्यातल्या बोटांवर धरून बघत राहिली, अजून थोडा वेळ बघितला तर तो दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याचा निघेल, असं वाटून. पण वडूजच्या बाजारातून तो तिनंच आणला होता. धाकट्या भावाच्या, जयराजच्या वाघ्यासाठी.

पट्टा सापडला त्याच घळीत लांडग्याची दोन पिल्लं मरून पडली होती. नर परवाच झटके येऊन गेला. डिस्टेंपर — तपासणीचा निकाल सकाळीच आला होता. कुत्र्यांचा रोग, कुत्र्यांकडूनच आलेला. लांडग्यांपर्यंत तो पोचू नये म्हणून तिनं तर दारोदार फिरून गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेतली होती. ‘वाघ्याला मी टोचून आणतो,’ जयराज म्हणाला होता, आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं… सख्ख्या भावाला काय विचारायचं?

जयराज अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. तिनं पिशवीत बंद केलेला पट्टा त्याच्यासमोर ठेवला.

“वाघ्या घरामागं पुरला म्हणलास न्हवं?”

त्यानं हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाला, “टोचायचं ऱ्हाऊन गेलं. झटकं यायला लागलं त्याला. मारून टाकवंना मला, ताई. घळीकडं कुणी जात न्हाई म्हणून गाडीवर न्हेऊन सोडला.”

“ती जागा मी तुला एकट्याला दाखवली हुती.”

“म्हणून तर ठावी हुती.”

तो आताही खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. वनखात्यालाही न सांगितलेली घळ आपण याला का दाखवली — पिल्लं उन्हात लोळताना बघून हा लहानपणासारखा हसला होता, म्हणून? की आपलं हे वेड घरातल्या एकाला तरी कळावं म्हणून…

दुपारी ती परत माळावर गेली. लांडग्याची मादी बाभळीखाली उभी होती. आता ती एकटीच उरली होती. संयोगिता पुढं सरकली, तरी ती हलली नाही. या न हलण्यासाठी संयोगितानं दोन उन्हाळे घालवले होते. त्याचा केवढा अभिमान होता तिला. आता तेच बघताना तिला कळेना — ही आपल्याला ओळखते म्हणून थांबली, की रोग डोक्यात चढलाय म्हणून? डोळे ओले दिसत होते, कदाचित उन्हानं…

पळ, ती मनात म्हणाली. पळालीस तर धड आहेस. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, या जनावरानं आपल्याला ओळखू नये.

मादी बघत राहिली.