कुलूपबंद मामा

ताईच्या लग्नाच्या दिवशी सकाळी दहा वाजता दिगूमामा ईमेलने आला आणि अडकला.

घाट बंद होता, म्हणून मामीने त्याला लांज्याहून सांगलीला मेलला जोडून पाठवलं होतं. कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर बसून मी लॅपटॉप उघडला. मामीचा दोन ओळींचा मेल होता. त्याखाली एका पेपरक्लिपला काळी बॅग लटकत होती. बॅगेला कुलूप होतं आणि कुलपावर पट्टी: ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी हा मामा अडवण्यात आला आहे.’

“मामा,” मी म्हणालो.

“आत आहे रे भोपळ्या,” बॅग म्हणाली. “घडी बरी घातलीये हिने. फक्त गुडघा कानाला लागतोय.”

“तुला अडवलंय.”

“मी काय केलं?”

मुहूर्त बारा वीसचा होता. आमच्याकडे मुलीला मामाच मांडवात आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ताईला मामा एकच. गुरुजींनी तर खोलीचं दार आधीच त्याच्या मापाचं करून घेतलं होतं. दुसऱ्या कोणाला ताईला घेऊन त्यातून बाहेर पडता येत नव्हतं. बाबांनी प्रयत्न केला. ते खांद्यापाशी अडकले, मागे आले आणि चहा प्यायले. खोली दर दहा मिनिटांनी एका गादीएवढी आकसत होती.

सव्वाअकराला दुसरा मेल आला. विषय: ‘तातडीचे. मामा.’ याला बॅग नव्हती, कुलूप नव्हतं, पट्टी नव्हती. दिगूमामा स्क्रीनमध्ये कमरेपर्यंत उभाच होता. फेटा एकदम ताठ.

“प्रिय भाचा,” तो म्हणाला, “मला उघड.”

“आला बाई एकदाचा,” आई म्हणाली. “बघत काय बसलायस? उघड त्याला.”

“मामा, जरा वळतोस का?”

“वळण्याची गरज नाही. लगेच उघड. अन्यथा मुहूर्त कायमचा बंद करण्यात येईल.”

त्याने पाठ स्क्रीनच्या कडेला घट्ट टेकवली होती. मी त्याच्या फाइलचं नाव बोटाने पुढे सरकवलं. ‘दिगूमामा’ संपल्यावर बरीच मोकळी जागा होती, आणि मोकळ्या जागेनंतर शेपूट होतं. बारीक, काळं. नावालाही आणि त्यालाही.

मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. मामीचा नंबर मला पाठ आहे, त्यावर फोन लावला.

“मामी, तू मामा किती पाठवलेस?”

“एकच. होताच एक.”

“मग त्याला कुलूप कशाला लावलंस?”

“अरे, त्या खेपेला एसटीत लोणच्याची बरणी फुटली नव्हती का? तेव्हापासून मी काहीही पाठवलं की कुलूप लावते.”

“कुलूप असलं की मेलच्या तपासणीवाल्यांना आत डोकावता येत नाही. काय आहे ते कळत नाही, म्हणून अडवतात. तू त्याला कुलूप न लावता परत पाठव.”

“आणि बरणी?”

“आत बरणी पण आहे?”

“लग्नाला रिकाम्या हाताने कसं पाठवू?”

“मग बरणीचंही झाकण काढ.”

शेपूटवाल्याला मी न उघडताच कचऱ्यात टाकलं. जाताना तो शांतपणे म्हणाला, “प्रिय भाचा, ही शेवटची संधी आहे.” मी कचराही रिकामा केला.

“टाकलंस त्याला?” आई म्हणाली.

“तो मामा नव्हता.”

“नसेल. पण फेटा किती छान बांधला होता रे.”

खोलीत आता दोनच गाद्या मावत होत्या. ताई शालूसकट माझ्या मांडीवर बसली होती. बारा वाजायला दोन मिनिटं असताना तिसरा मेल आला. बॅग सताड उघडी. तपासणीने मामाला तीनदा हुंगलं, बरणीला एकदाच, आणि ती शिंकत निघून गेली. मग आधी बरणी बाहेर आली, मग चपला, मग मामा. तो गादीवर पडला, गुडघा कानापासून सोडवला आणि म्हणाला, “भोपळ्या, चहा आहे का?”

आई रडली. खोली सैल झाली. मामाने ताईचा हात धरला आणि दोघं दारातून असे निघाले की चौकटीला पदरसुद्धा घासला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मंगलाष्टकं मी वरच्या पट्टीत म्हणू लागलो आणि कोणी थांबवलं नाही.

शेवटचं कडवं आलं. दिगूमामा ताईच्या मागे घामाघूम उभा होता, अंगाला लोणच्याचा वास. अंतरपाटापलीकडे नवरदेव, आणि रीतीप्रमाणे त्याच्या पाठीशी त्याचे मामा. सगळी माणसं पुढे सरकली होती, ते मात्र मांडवाच्या खांबाला पाठ घट्ट टेकवून उभे होते. त्यांचा फेटा फारच छान बांधलेला होता.

गुरुजी सावधान म्हणाले आणि अंतरपाट खाली यायला लागला. फोन खिशात होता, आणि माझ्या दोन्ही मुठी अक्षतांनी भरलेल्या.