न्हाणीघरातला वजनकाटा

"माणसाची सगळी संस्कृती स्प्रिंगवर उभी आहे," निवृत्त हेडक्लार्कनी न्हाणीघरातून जाहीर केलं.

"उभी राहू दे. मला अंघोळ करायची आहे," दाराबाहेरून बायको म्हणाली.

आत ते ओणवे होते. खाली वजनकाटा, त्यावर इंजिनाची स्प्रिंग, तिच्यावर फळी, फळीवर दोन्ही तळहात. शेजारी फूटपट्टी.

वडिलांची जुनी मोटार अंगणात इतकी वर्षं मुक्कामाला होती, की लोक घराचा पत्ता तिच्यावरून सांगत. हल्ली ती सुरू होता होता खोकून बंद पडे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा सैल पडल्याचा संशय होता. संध्याकाळी मेहुणा भंगारवाल्याला आणणार होता. इंजिन चाललं तर मोटार राहणार, नाही तर जाणार, असा शब्दच हेडक्लार्क देऊन बसले होते.

प्रश्न एवढाच, की जुना संच ठेवायचा की नवा बसवायचा? पुस्तकाप्रमाणे ठरावीक उंचीपर्यंत दाबल्यावर स्प्रिंगचा जोर तेवीस किलो भरायला हवा. जुन्या बरोब्बर तेवीस भरल्या. नव्या सव्वीस.

"नव्या फार कडक. इंजिन झिजवतील. जुनं ते सोनं."

"सोनं आहे तर खोकतं कशाला?" बायकोने डोकं आत घातलं. "अहो, तो काटा जास्त दाखवतो. कधीची सांगतेय."

ती खरंच कधीची सांगत होती. त्यावर तिचा धाकटा भाऊ दर भेटीत म्हणे, "ताई, काटा बिचारा कशाला खोटं बोलेल?" हेडक्लार्क मेहुण्याचा मान राखून हसत. ती मात्र त्या रात्री अर्धंच ताट वाढून घेई.

आज हसू ओठांवर आलं, पण मोटार आठवली. त्यांनी साखरेचं दहा किलोचं न फोडलेलं पोतं आणून काट्यावर ठेवलं.

साडेअकरा किलो.

"म्हणजे जुन्या खऱ्या वीसच. नव्याच बरोबर," असं म्हणत ते फळी, फूटपट्टी आणि बायको तिथेच सोडून अंगणाकडे धावले.

संध्याकाळी भंगारवाला दोर घेऊन हजर झाला. हेडक्लार्कनी किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि सुरू झालं. न खोकता, एका लयीत. शेजारीपाजारी गच्चीवर आले. भंगारवाला दोर खांद्यावर टाकून कौतुकाने बॉनेटखाली वाकला.

"दाजी, मानलं तुम्हाला," मेहुणा म्हणाला.

ग्रीसने माखलेले हेडक्लार्क बायकोकडे वळले. "बस गाडीत. म्हणशील तिथे नेतो. आज काहीही माग."

तिने पदराला हात पुसले आणि भावाकडे बोट केलं.

"जायचं कुठे नाही. हा इथे आहे तोवर याला तेवढं सांगा, काटा जास्त दाखवतो म्हणून."