चावीवाल्याच्या मुलीचा गृहपाठ

खोटं बोलायलासुद्धा शिकवणी लागते, हे थोरलीला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या घरात ही कला आपसूक येत असे. आजोबा सांगायचे, त्यांच्या तरुणपणी नळाला असा जोर होता की खाली ठेवलेली बादली धारेनं ढकलत ढकलत शेजाऱ्याच्या दारात जायची, आणि शेजारी ती भरून परत पाठवायचा. ऐकणारे हसायचे, आजोबाही हसायचे, प्रकरण तिथंच मिटायचं. कॉलेजातल्या खोट्याला मात्र हसून मिटायची सवय नव्हती.

विषयाचं नाव भारदस्त होतं: डिजिटल माध्यमं आणि इंटरनेटवरचं राजकारण. शिकवणाऱ्या मॅडम बारीक अंगाच्या, पण त्यांचा आवाज मागच्या बाकावरच्या झोपेलाही उठवणारा.

"या आठवड्याचा गृहपाठ," मॅडम म्हणाल्या. "एक अफवा रचा आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. ती लोकांना खरी का वाटेल, ते शुक्रवारी सांगा. शेवटी न विसरता लिहायचं: हा वर्गातला सराव आहे, यातलं काही खरं नाही. आणि ऐका, चांगली थाप ऐकीव मालाची होत नाही. जे आतून-बाहेरून माहीत आहे, त्याचीच रचा."

थोरलीला आतून-बाहेरून एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे पाणी. तिचे बाबा पाणीखात्यात चावीवाले. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून रोज दुपारी चौकात जायचे, रस्त्यातलं झाकण उचलून दोन व्हॉल्व्ह फिरवायचे, की चारच्या ठोक्याला वरच्या आळीत आणि खालच्या आळीत नळ सुरू. आठ दिवसांवर वॉर्डाची निवडणूक होती. वरच्या आळीचे लाँड्रीवाले उभे होते, खालच्या आळीचे औषधवाले. एवढा कच्चा माल घरात असताना बाहेर कशाला जायचं?

तिनं बारा ओळी लिहिल्या. ज्या आळीचं मत फिरलं तिचं पाणी फिरणार. औषधवाल्यांनी चावीवाल्याला यादी दिलीय. वरच्या आळीतली कुठली घरं त्यांच्या विरोधात आहेत ते त्याच्या डाव्या खिशातल्या छोट्या वहीत लिहिलंय, फुल्या मारून. शेवटी, तेराव्या ओळीत, सांगितल्याप्रमाणे शेपूट जोडलं: हा वर्गातला सराव आहे.

वही खरी होती. डावा खिसाही खरा होता. मॅडमनी उत्तरात लिहिलं, "वही उत्तम. खोट्यात खऱ्याचा एक दाणा." थोरली त्या दिवशी जमिनीपासून चार बोटं वर चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला भोंग्याचा फोन आला. भोंगा म्हणजे तिच्याच वर्गातला. त्याला सांगितलेलं गुपित सांगणाऱ्याच्या आधी घरी पोचायचं.

"अगं, एक गंमत झाली."

"कसली?"

"म्हणजे, आता तितकीशी गंमत राहिली नाही." भोंग्यानं आवाज खाली आणला. "तुझी ती अफवा मी आत्याला पाठवली. फक्त आत्याला हं! आणि शेपटासकट पाठवली, आईशप्पथ."

"तुझी आत्या राहते कुठं?"

"वरच्या आळीत."

"अरे गाढवा! मग शेपूट वाचलं नाही का त्यांनी?"

"आत्यानं दिसलं तेवढं वाचलं."

दिसलं किती? फोन लांबलचक मजकूर घडी घालून ठेवतो. वरच्या आठ ओळी दाखवतो, खाली "पुढे वाचा" म्हणतो. आत्यानं पुढे वाचायच्या आधीच पुढे पाठवलं. कुणीतरी त्या आठ ओळींचा फोटो काढला, आणि फोटोची घडी उलगडत नाही. शेपूट जिथल्या तिथं गळून पडलं. दुपारपर्यंत तो फोटो दोन्ही आळ्यांतून फिरून थोरलीच्या मामाकडे पोचला होता, आणि मामानं तो तिच्या आईला पाठवला होता: "ताई, भाऊजींना सांभाळून राहायला सांग."

थोरलीनं लगेच बाबांना फोन लावला. त्यांचा फोन डब्याच्या पिशवीत आणि पिशवी सायकलला. तो तिथंच वाजून वाजून दमला.

मग तिनं वरच्या आळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'ही अफवा मीच लिहिली आहे, चावीवाल्यांकडे यादी नाही.' पहिलं उत्तर आलं, "तुला हे लिहायला कुणी सांगितलं?" दुसरं आलं, "कसली यादी? मला नाही मिळाली, पाठवा." ज्यांना ठाऊक नव्हतं, ते आता तिच्यामुळे शोधायला लागले. नकार देताना आपण अफवेलाच पुन्हा गावभर फिरवतो, हे मॅडमनी तिसऱ्या तासाला सांगितलं होतं. तिनं ते वहीत लाल शाईनं लिहूनही घेतलं होतं. लाल शाई आता काय कामाची?

ती चपला अडकवून चौकाकडे पळत सुटली.

तिकडे बाबा पावणेचारलाच निघाले होते, पण वाटेत चार ठिकाणी लोकांनी सायकल अडवली. "यादी दाखव." "कसली यादी?" "वा रे साळसूद!" असं करता करता चार वाजून गेले, आणि नळ कोरडे राहिले. आता आणखी पुरावा कशाला हवा? अफवेनंच पाणी अडवलं आणि अडलेल्या पाण्यानं अफवा खरी केली. दोन्ही आळ्या बादल्यांसकट चौकात उतरल्या. मागाहून सांगणारे पाचशे माणसं होती म्हणतात. साठ-सत्तर असतील, पण रिकामी बादली हातात असलेला माणूस चौघांएवढा आवाज करतो.

थोरली पोचली तेव्हा बाबा झाकणावर पाय रोवून उभे होते, चावी काठीसारखी धरून. समोर लाँड्रीवाले. त्यांच्या शर्टाची इस्त्री अशी की माशी बसली तर घसरून पडावी.

"आम्ही शांततेनं विचारतोय," लाँड्रीवाले म्हणाले. "डाव्या खिशात काय आहे?"

"वही."

पुढं काही बोलायच्या आत कुणीतरी हात घालून ती ओढली. पानावर घरांचे नंबर होते, आणि नंबरांपुढे फुल्या. फुल्यांचं थोरलीला माहीत नव्हतं. त्या तिनं मनानं घातल्या होत्या.

"गळके नळ आहेत ते," बाबा म्हणाले. "दुरुस्तीला सांगायचे."

"एकोणचाळीस नंबर म्हणजे आमचं घर!" एक जाडगेले गृहस्थ पुढे आले. "आमचा नळ गळतो?"

"गळतोच की!" मागून त्यांची बायको ओरडली. "सहा महिने कानीकपाळी ओरडतेय, तेव्हा ऐकू येत नव्हतं का?"

चारजण हसले, बाकीचे नाही हसले. हसू विरायच्या आत कुणीतरी चावीला हिसका दिला. बाबांचा तोल गेला, खांदा खांबावर आपटला, चावी खणकन खाली पडली. एका दांडगटानं ती उचलून झाकणाकडे नेली. "आम्हीच उघडतो!"

"एकदम फिरवू नकोस!" बाबा खांदा धरून ओरडले. "जुना पाइप आहे, फुटेल! दोन्ही आळ्या आठ दिवस कोरड्या पडतील!"

"ऐकलंत? धमकी देतोय!"

थोरली कोपरं मारत आत घुसली. "मी लिहिलंय ते!" तिचा आवाज फाटला. "कॉलेजचा गृहपाठ होता. हे बघा, खाली लिहिलंय, सराव आहे म्हणून!"

फोन हातोहात फिरला. "हे शेपूट आत्ता चिकटवलंस," कुणीतरी म्हणालं. "बापाला वाचवायला आली, दुसरं काय!" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ते नुसते तिला ओळखायचा प्रयत्न करत होते.

"मग मोजा!" थोरली म्हणाली. काहीतरी बोलायलाच हवं होतं. "चावी बाबा फिरवतील, फेरे तुम्ही मोजा, मोठ्यानं. चोरी असेल तर दिसेल!"

मोजायचं म्हटल्यावर लोकांना हुरूप आला. दांडगटानं चावी परत दिली, पण हात दांड्यावर ठेवूनच. बाबांनी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. एक, दोन, तीन... दुखऱ्या खांद्यानं प्रत्येक फेऱ्याला त्यांचा ओठ दाताखाली जात होता. छत्तीसला थांबले. मग खालच्या आळीचा घेतला. सगळा चौक ओरडत होता. बावीस, तेवीस, चोवीस. बाबांनी चावी बाहेर काढली.

"चोवीसच?" खालच्या आळीतून आवाज आला.

"त्यांना छत्तीस नि आम्हाला चोवीस?"

म्हणजे आता दुसरी आळी पेटली. पंधरा फोन वर झाले होते. छत्तीस आणि चोवीस हे दोन आकडे, एकदम खरे, आता सगळीकडे धावणार होते आणि कुणी त्यांच्यासोबत चढाची गोष्ट पाठवणार नव्हतं. वर चढ आहे, पाणी चढायला जोर लागतो, म्हणून जास्त फेरे. बाबा हेच ओरडून सांगत होते, पण त्यांचं ऐकतंय कोण? ते तर आरोपी!

काय सांगितलं यापेक्षा कोण सांगतंय, हेच लोक बघतात. हेही वर्गातलंच. थोरलीनं गर्दीत नजर फिरवली आणि तिला खालच्या आळीची शिंपीणमावशी दिसली, गळ्यात टेप घातलेली. लाँड्रीवाले आणि औषधवाले, दोघांनाही भर रस्त्यात झापलेली ही एकमेव बाई.

"मावशी, तुम्ही वर जा. वरच्या आळीच्या शेवटच्या घरी. तिथं नळाला काय येतंय ते बघा आणि फोन करा."

"मी? माझे गुडघे बघितलेस का?"

"गुडघ्यांसाठीच म्हणतेय. चढ किती आहे ते त्यांनाच कळेल, फोनमधून नाही कळणार."

मावशीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं, जणू मापच घेतलं. "खोटं निघालं तर तुझ्या कानाखाली पहिली माझी," म्हणाली आणि निघाली. लाँड्रीवाल्यांनी आपला एक माणूस तिच्यामागे धाडला.

ती अकरा मिनिटं थोरलीच्या आयुष्यातली सगळ्यात लांब. वही दांडगटाच्या मुठीत. बाबा खांबाला टेकलेले. शेवटी एका बाईचा फोन वाजला, तिनं तो लोकांना ऐकू जाईल असा धरला.

"मेल्यांनो!" मावशीला धाप लागली होती. "इथं करंगळीएवढी धार आहे, करंगळीएवढी! छत्तीस फेऱ्यांचं हे! माझा जीव निघाला वर येता येता, पाण्याचा नाही निघणार? आणि माझ्या मोरीत नळ उघडा राहिलाय, घर तरंगायला लागलं असेल. कुणीतरी जा ना!"

खालची आळी आधी पळाली, कारण बहुतेकांचे नळ उघडेच होते. मग वरची पांगली. पाणी आलं की माणूस तत्त्व गुंडाळून बादली उचलतो. लाँड्रीवाले मात्र जाताना म्हणाले, "लेखी तक्रार होणारच."

तासाभरात पाणीखात्याच्या साहेबांचा निरोप आला. शुक्रवारपर्यंत तक्रार आली तर चावी दुसऱ्याकडे, आणि बाबा गोदामात.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. ते म्हणाले, "डाव्या खिशाचं कुणाला ठाऊक होतं?"

"मला."

"हं." त्यांनी सायकल कडेला घेतली. "किती जणांपर्यंत गेलं?"

"मोजता येत नाही, बाबा."

"घरं मोजता येतात. एकशे अठरा आहेत."

दोन दिवस थोरली दारोदार फिरली. मी लिहिलं, खोटं लिहिलं, माझ्या बाबांबद्दल लिहिलं. काहींनी दार लावलं, काहींनी खुर्ची दिली, एका आजोबांनी सगळं ऐकून विचारलं, "पण यादीत आमचं नाव होतं की नाही?" तिनं प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शुक्रवारी दुपारी, वर्गात असायच्या वेळी, एकच दार राहिलं होतं. लाँड्री.

काउंटरवर तक्रारीचा कागद होता, बत्तीस सह्यांचा. तिनं सांगितलं. लाँड्रीवाल्यांनी इस्त्री न थांबवता ऐकलं.

"आग असल्याशिवाय धूर येत नाही, पोरी."

"धूर मीच केला, काका. ओली लाकडंही घरचीच."

"कळतंय मला." त्यांनी कॉलर उलटी केली. "चौकातच कळलं होतं. पण पाच दिवसांनी मतदान आहे. खोटं निघालं म्हणून ते बिनकामाचं झालं, असं तुमच्या कॉलेजात शिकवतात काय?"

वर्गात असलं काही आलं नव्हतं. साहेबांचं ऑफिस पाचला बंद होणार होतं, घड्याळात तीन वाजले होते.

"मग मी इथंच उभी राहते," ती म्हणाली.

"राहा की."

दारात एक बाई चादरींचं बोचकं घेऊन आली. लाँड्रीवाल्यांनी सवयीनं पेन पुढे केलं. थोरली मधे आली. "काकू, सही करण्याआधी ऐका. हे सगळं मी लिहिलं होतं..."

बाईनं बोचकं खाली ठेवलं आणि ऐकलं. पेन घेतलं नाही. लाँड्रीवाल्यांनी कागद उचलला, फाडला नाही, नुसता उलटा करून ठेवला. इस्त्रीची वाफ वर गेली. दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, आणि थोरली पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.